बिनकांद्याचे पोहे आणि एक पिस्टन

साताऱ्याकडे लोक फुलांचं पठार बघायला जातात, सांगलीला कुणाच्या तरी लग्नाला जातात. मी गेले ती जाम झालेलं एक इंजिन जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून, तान्हं पोर घेतात तसं मांडीवर घेऊन. परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी नखांतलं ग्रीस गेलेलं नाही. लोक विचारतात, "काय बघितलंस गं तिकडे?" मी म्हणते, "पिस्टन." मग ते विषय बदलतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. कागद काही मधेच उठून जात नाही.

मी नाशिकची. बालवाड्यांची पर्यवेक्षिका होते आणि त्र्यंबकच्या बाजूची सगळी खेडी मी एका छोट्या टू-स्ट्रोक फटफटीवर पालथी घातली. शंभर सीसीच्याही आतली, दिसायला किडकिडीत, पण घाटात तिने कधी दगा दिला नाही. दोघी निवृत्त होऊन सुखात होतो. मग आमचा पुतण्या निखिल एकदा तिला हौसेने घेऊन गेला आणि पंपावर नुसतं पेट्रोल भरून आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं, तेच तिचं वंगण. नुसतं पेट्रोल देणं म्हणजे कोरड्या तव्यावर धिरडं घालणं, ते चिकटणारच. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला की किक खाली जाईना. निखिल म्हणतो कसा, "काकू, मी तर पूर्ण टाकी भरली होती हो!" काय बोलणार त्याला!

नाशकात सगळीकडे विचारून झालं. सगळ्यांचं उत्तर एकच, नवीन स्कूटर घ्या. त्यात मुलाने विजेवरची मोटार बुक केली आणि आमच्या इमारतीत पार्किंगची जागा एकच. आमचे हे म्हणजे शांत माणूस, पण एकदा बोलले की बोलले. म्हणाले, "सुलभा, इंजिन सुरू झालं तर गाडी राहील, मोटार राहू दे रस्त्यावर. नाही झालं तर रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. धूळ खात पडलेला सांगाडा मला बघवत नाही."

म्हटलं, "येत्या रविवारी?"

"येत्या रविवारी."

मी त्याच दुपारी पान्हे काढले आणि इंजिन उतरवायला बसले.

नाशिक ते रहिमतपूर

"आजी, पिशवीत काय आहे? काळं काळं गळतंय."

हा कंडक्टर. म्हटलं, "इंजिन."

"कसलं?"

"फटफटीचं."

"मग फटफटी कुठाय?"

"घरी."

मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे बरंय! गाडी घरी ठेवून इंजिन फिरायला निघालंय!" बस हसली, मीही हसले. मला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट देऊन झाल्यावर त्याने पिशवीकडे बोट केलं, "ह्यांचं वय?" मी म्हटलं, "पंचाहत्तरी झाली." म्हणाला, "मग फुकट," आणि पुढच्या बाकाकडे गेला.

शिरवळला बस चहाला थांबली. ड्रायव्हर हातातला कप तसाच घेऊन माझ्या खिडकीखाली आला आणि नाक वर करून उभा राहिला. "टू-स्ट्रोक ना?" म्हणाला. "वास ओळखला. आमच्या मामाची होती. पुढं टाकीवर बसायचो मी." मग त्याने आत येऊन लुगड्याचा पदर जरा बाजूला केला, इंजिन बघितलं, पदर पुन्हा नीट झाकला. तिथून साताऱ्यापर्यंत खड्डा आला की आरशात बघून ओरडायचा, "मावशी, धरा!" आणि शेजारच्या अनोळखी बाईसुद्धा माझ्याबरोबर इंजिन धरायच्या. आमच्या घरात त्या इंजिनाला इतका मान कुणी दिला नव्हता. मी तर हवेत होते.

रहिमतपूर

रहिमतपूरच्या बापूंना मी मोबाइलवर पाहिलं होतं. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं उघडताना ते स्वतःचे व्हिडिओ काढतात आणि त्यात इंजिनापेक्षा त्यांचं हसणंच जास्त ऐकू येतं. प्रत्यक्षात माणूस तसाच निघाला. मला दारात बघून म्हणाले, "आवं ताई, तुमी खरंच आला? मला वाटलं, फोनवर कोन बाई चेष्टा करतीया!"

इंजिन बाकावर ठेवलं. सिलिंडरला बाहेरून आच दिली, आत ऑइल सोडलं आणि लाकडाचा ठोकळा धरून बापू हातोडीने टकटक करायला लागले. एका टोल्याला पिस्टन 'खट्ट' करून सुटला. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे, जणू मांजराशी भांडून आलाय.

"ह्यो बगा," बापू म्हणाले. "ऑइलाबिगर पळीवलेला गडी. काय करंल बिचारा?"

"मग नवा घाला."

"कुठला घालू? तुमच्या गाडीचा पिस्टन आता बाजारात न्हाईच. सांगलीला आप्पांकडं शेवटचा एक हाय असं ऐकून हाय. पन आप्पा पिस्टन नुसता मागितला म्हनून देत न्हाईत."

"मग?"

बापूंना हसू आवरेना. "बगायचा कार्यक्रम ठेवत्यात. आपला सिलिंडर घिऊन जायचं. पोहं खायचं. आप्पा सिलिंडर बगनार, पिस्टन दावनार. दोगांचं जुळलं तर लगीन. न्हाई जुळलं तर पोहं खाऊन घरी."

मला वाटलं, नाशिकची बाई बघून खेचतायत. पण आतून त्यांच्या बायकोने ओरडून सांगितलं, "खरं हाय वं ते!" मग कारण कळलं. पुण्याच्या कुण्या हॉटेलवाल्याने आप्पांकडून खोकंभर पिस्टन नेले आणि त्यांचे टेबलावर ठेवायचे शोभेचे दिवे केले. आप्पांनी ते पाहिलं आणि आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून सिलिंडर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिस्टन बाहेर निघत नाही.

रात्री वहिनींनी अख्खा मसूर केला होता. आमच्याकडे मसूर म्हणजे आजारी माणसाची आमटी. इथे कांदा-लसणाच्या चटणीत तो असा काही रटरटून आला होता की दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आणि तिसऱ्याला नाकातून. "तिखाट लागलं व्हय?" वहिनी काळजीने म्हणाल्या आणि उतारा म्हणून ताटात आणखी मसूर वाढला. मी निमूटपणे खाल्ला आणि, लाज कशाला, आणखी मागितला.

सकाळी उठून बघते तर बापूंनी माझा सिलिंडर पेट्रोलने धुऊन, पुसून, बाहेरच्या पात्यांना काळा रंग देऊन लखलखीत करून ठेवलेला. "पोरगी दाखवायची तर न्हाऊ-माखू घालून न्यावी," म्हणाले. बाकीचं इंजिनही त्यांनी आतून साफ केलं होतं, बेअरिंग बदललं होतं. मी त्यांना सातारी पेढ्यांचा पुडा देऊ केला, तर म्हणाले, "ताई, सातारकराला सातारचं पेढं? नाशकाचा चिवडा आना फुडल्या येळेला."

सांगलीच्या अलीकडे

आप्पांचं गाव सांगलीच्या अलीकडे आहे. मार्च महिना होता आणि गावभर हळद. आम्हाला हळद माहीत ती डब्यातली, चमच्याने घ्यायची. इथे अंगणंच्या अंगणं हळदीने भरलेली, शिजवलेल्या हळदीचा ओलसर वास, आणि आप्पांच्या वाड्यालगतच्या मोकळ्या जागेत हळद पॉलिश करायचा भलामोठा लोखंडी ड्रम गडगडत फिरतोय. त्याच्यातून पिवळी धूळ उडत होती. ड्रमापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचं एक लेथ होतं आणि लेथवर एक बाई. त्या आक्का, आप्पांची थोरली बहीण. पायघोळ लुगडं, डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात मायक्रोमीटर.

"आलीस व्हय? बस की. मी येतो," म्हणाल्या. मी दचकून मागे बघितलं, कोण पुरुष बोलला म्हणून. मग कळलं, इकडच्या बायका बिनदिक्कत 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून मीही सुरू केलं. घरी आल्यावर ह्यांनी घाबरून मला डॉक्टरकडे न्यायची गोष्ट काढली होती.

आप्पा म्हणजे पांढरी टोपी, पांढरा सदरा, किडकिडीत बांधा आणि पोरींच्या बापासारखा गंभीर चेहरा. पुढच्या खोलीत फडताळभर पिस्टन, प्रत्येक जण मेणकागदात. आणि खरोखरच पोहे आले हो! पण पोह्यांत कांदा नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"जैनाच्या घरात आलासा ताई," आप्पा म्हणाले, "कांदा कुठला सापडंल? शेंगदाणं खावा की."

शेंगदाणे, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि अर्थातच घरची हळद. मी सांगते, आमच्या नाशिकच्या कांद्याला राग आला तर येऊ दे, पण ते पोहे मी अजून विसरलेले नाही.

पहिला घास तोंडात आणि दारात एक उंच माणूस. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडं, आणि घोंगड्यात काहीतरी जड गुंडाळलेलं. हे मायाप्पा. जतच्या बाजूचे मेंढपाळ, आता थोडी शेतीही करतात. घोंगडं उघडलं तर आत सिलिंडर. माझ्याच गाडीचा. म्हणजे माझ्याच जातीच्या गाडीचा.

"आप्पा, ऐकलं की शेवटचा हाय," मायाप्पा म्हणाले, "म्हनून पळत आलो."

आप्पांचा गंभीर चेहरा खुलला. "आक्का, ये गं भाईर! एक नवरदेव, दोन नवऱ्या!"

मी ताबडतोब माझी बाजू मांडायला लागले. रविवार, भंगारवाला, मोटार, सगळं एका दमात. मायाप्पा ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, "तुमचं बी खरं हाय ताई. आमचं आसं हाय, पोरानं नवी गाडी आनली, पन ती लय उंच. आमची कारभारीन म्हंती, त्या उंटावर मी न्हाई चडत. ती ह्याच गाडीवर बसती. गाडी बंद हाय तवापास्नं बाजाराला चालत जातीया, आन वाटंत मला शिव्या देतीया."

मी खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईची दया आली नाही. मला पिस्टन हवा होता. मनात म्हटलं, चालत जाऊ दे, तब्येतीला चांगलं.

आप्पांनी मेणकागद सोडला. चांदीसारखा चकचकीत पिस्टन, एक डाग नाही. आम्ही दोघं पोहे विसरून त्याच्याकडे बघत राहिलो. आप्पांनी मायाप्पांचा सिलिंडर पुसला, आत बोटाने तेलाचा हात फिरवला आणि पिस्टन वरून अलगद सोडला. तो पडला नाही. आपल्याच वजनाने सावकाश, अगदी सावकाश खाली उतरत गेला.

मग माझा सिलिंडर. आक्कांनी उजेडाकडे धरून आत डोकावून बघितलं आणि 'च्च च्च' केलं. आप्पांनी पिस्टन सोडला आणि तो टप्पकन आरपार त्यांच्या तळहातात येऊन पडला.

"ओरखडं खोल हायती," आक्का म्हणाल्या. "ते काढायला बोअर, म्हंजी आतलं भोक, मोठं करावं लागतं. मग तर ह्यो त्यात खुळखुळंल. हे लगीन टिकत न्हाई, पोरी."

साठी ओलांडलेली मी बाई, पण ते 'पोरी' ऐकलं आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. नोकरीत बदली झाली, आजारपणं झाली, तेव्हा रडले नाही ती परक्याच्या ओसरीवर एका लोखंडाच्या नळकांड्यासाठी रडले. मायाप्पांची पंचाईत झाली. हातात जिंकलेला पिस्टन आणि समोर रडणारी बाई.

"आवं ताई, आसं नगा करू," ते म्हणाले. "मला बी ग्वाड लागंना आता. आक्का, तुमी काय तरी करा. ताईंचं इंजिन चालू झाल्याबिगर मी माजं जोडत न्हाई. बिरोबाची आन."

आक्का हसायला लागल्या. "आरं, मी न्हाई म्हनलोय का? मुलगा मिळत न्हाई तर मुलीलाच बारीक करू की."

लेथवर

तर आक्कांची युक्ती अशी. माझा सिलिंडर आतून मुद्दाम आणखी मोठा कोरायचा आणि त्यात बिडाची नवी नळी, लायनर म्हणतात तिला, गरम करून ठोकून बसवायची. म्हणजे भोक पुन्हा लहान. मग आप्पांच्या फडताळात ज्यांना कुणी विचारत नाही असे एका जुन्या मोपेडचे पिस्टन होते, त्यातला एक आणायचा, त्याचं डोकं लेथवर जरा उतरवायचं आणि जोडी जमवायची.

आप्पा आधी तयार नव्हते. "परजातीचा पिस्टन?" म्हणाले. आक्कांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं आणि आप्पा पिस्टन शोधायला गेले.

दोन दिवस मी त्या शेडमध्ये राहिले म्हणा ना. नळीला बाजूने खिडक्या पाडाव्या लागतात, त्यांतून पेट्रोलची हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. टू-स्ट्रोकला झडपा नसतात, पिस्टनच वर-खाली जाताना त्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. त्या खिडक्यांच्या कडा कानशीने घासायचं काम आक्कांनी मला आणि मायाप्पांना दिलं. आम्ही एकेका बाजूला बसून घासायचो आणि गप्पा मारायचो. त्यांनी मला मेंढरांचे रोग सांगितले, मी त्यांना बालवाडीतल्या पोरांचे. बऱ्याच गोष्टी जुळल्या. दुपारी ते आपल्या फडक्यातली बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं माझ्यापुढे सरकवायचे. पहिल्यांदा मला ते लापशीसारखं वाटलं, मग मी भांडं चाटून पुसून दिलं.

संध्याकाळचं मात्र मला जमेना. आप्पांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. आमच्या घरी त्या वेळेला चहाचे कपसुद्धा विसळलेले नसतात. पहिल्या दिवशी मी "नंतर जेवते" म्हटलं, आणि नंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हे मला उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पाटावर.

शनिवारी दुपारी ह्यांचा फोन. "काय गं, काही आशा?"

"आज सुरू होतंय."

"भंगारवाला उद्या सकाळीच येतोय बरं का. उगीच ओढून ताणून काही करू नकोस."

मी फोन ठेवला आणि आक्कांकडे बघितलं. आक्कांनी सूर्याकडे बघितलं. "जेवायच्या आत करू," म्हणाल्या.

इंजिन जोडलं. तिथे चाचणीसाठी एक सांगाडा आहे, दोन चाकं, हँडल, सीटच्या जागी पोत्याची घडी. त्यात इंजिन बसवलं. टाकी नाही, म्हणून हँडलला सलाइनची बाटली बांधली आणि तिच्यात ऑइल मिसळलेलं पेट्रोल. आमचं पेशंट आता शुद्धीवर यायचंच बाकी होतं.

राहिली ठिणगीची वेळ. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. फिरत्या चाकाच्या आत एक प्लेट असते, ती जराशी सरकवली की ठिणगी आधी किंवा नंतर. थोडी आधी पडली तर गाडीला दम चढतो, हे टू-स्ट्रोकच्या प्रत्येक वेड्याला माहीत असतं आणि प्रत्येकाच्या हाताला तिथे खाज सुटते. आक्कांनी प्लेटवरच्या दोन टोकांमध्ये पतंगाचा कागद धरून, तो कधी सुटतो ते बघून वेळ लावली. "झालं," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मी चाकाच्या खिडकीतून प्लेटचा स्क्रू सैल केला. आक्कांचं चुकलं असं नव्हे, पण मला माझ्या गाडीची चढण ठाऊक होती. केसभरच पुढे सरकवली. कुणी बघितलं नाही.

मग आले सगळे भोवती. ड्रमवाले गडीसुद्धा ड्रम थांबवून आले. मी पोत्यावर बसले, देवाचं नाव घेतलं आणि किक मारली.

काही नाही. दुसरी किक. काही नाही. तिसऱ्या किकेला किकने माझ्या पायाला असा उलटा टोला दिला की मी कळवळले, आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं! फट फट फट फट! आवाज जरा घोगरा होता, पण होता! माझं भान सुटलं. "झालं! झालं!" असं ओरडत मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

आणि गाडी मागे गेली.

मी पुढे बघतेय, आप्पा, आक्का, मायाप्पा माझ्यापासून लांब लांब जातायत आणि मला कळत नाही हे सगळे का पळतायत. "आवं ताई, मागं! मागं!" मायाप्पा ओरडत होते. मी घाबरून मुठीला जास्तच पीळ दिला. गाडीने अंगण उलटं पार केलं आणि ड्रमाशेजारच्या हळदीच्या ढिगात मला घेऊन बसली. इंजिन बंद. पिवळ्या धुळीचा ढग वर गेला आणि सावकाश माझ्यावर उतरला.

मग आप्पांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. दोन दिवसांत ज्या माणसाला मी हसताना पाहिलं नव्हतं तो माणूस टोपी हातात घेऊन, गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. "हळद लागली! आक्का, नवरीला हळद लागली!" मायाप्पांनी फेट्याचा शेव तोंडात कोंबला होता. ड्रमवाले गडी जमिनीवर बसले. आणि मी! मी त्या ढिगात उताणी पडून, तोंडात, कानात, केसांत हळद घेऊन हसत होते, थांबताच येईना. बरगड्या दुखायला लागल्या तरी हसत होते.

आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इंजिन उलटं फिरलं. झडपा न्हाईत, त्यामुळं त्याला सरळ काय न उलटं काय, दोनी सारखंच. ठिणगी लय आदी पडली की ते मागं फिरतंय. मी लावलेली येळ कुनी हलीवली?"

मी हळदीतूनच हात वर केला. "केसभर, आक्का. चढणीसाठी."

"केसभरानं उलटं फिरत न्हाई."

मायाप्पांनी फेट्याचा शेव तोंडातून काढला. "मी बी जरा सरकीवली हुती. ताई पानी प्यायला गेल्या तवा. म्हनलं, बाईचं इंजिन हाय, जरा दम आसूदे."

आता सगळे आप्पांकडे. आप्पांनी टोपी घातली, नीट केली. "परजातीचा पिस्टन म्हनल्यावर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्याला जरा मदत नको का करायला?"

तीन जावांनी एकीच्या नकळत एकीने आमटीत मीठ टाकावं, तसं झालं होतं. आक्कांनी आम्हा तिघांना शेडच्या उंबऱ्याबाहेर ओळीने उभं केलं, हात मागे बांधून, आणि एकट्या आत बसून पुन्हा वेळ लावली. सूर्य नारळाच्या झाडांच्या मागे गेला होता. जेवणाची पानं आत वाढली होती. आम्ही तिघं शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे आणि मधूनच एकाला हसू फुटलं की तिघांना.

"ये," आक्का म्हणाल्या. "आन आदी मला फुडं जाऊन दाखीव."

पहिल्या किकेला सुरू झालं. आणि यावेळी आवाज घोगरा नव्हता. तो तिचाच होता, मोकळा, किणकिणता, जरा तिरसट. गिअर टाकताना डोळे मिटले होते मी. उघडले तेव्हा शेड मागे पडली होती, समोर गावाचा रस्ता, दोन्हीकडे हळदीची अंगणं आणि मी पिवळीधमक होऊन पुढे चालले होते. पुढे! देवळापर्यंत गेले, वळले, आले. मला वाटतं मी गात होते. काय, ते आठवत नाही.

आल्याबरोबर इंजिन चालू ठेवूनच फोन लावला आणि मायाप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो सायलेन्सरपाशी धरला. मी पीळ दिला, कमी केला, पुन्हा दिला. आक्कांनी खूण केली तेव्हा बंद केलं आणि फोन कानाला लावला.

"ऐकलंत ना? अहो?"

पलीकडे कुणीच नाही. भांड्याचा आवाज आला. मग पाण्याचा.

"अहो, बोला की! भंगारवाल्याला काय सांगताय?"

"त्याला नको म्हणून सांगतो. ते सोड," हे म्हणाले. आवाज असा बावरलेला की मी घाबरले. आप्पा, आक्का, मायाप्पा, तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मग झालं काय?"

"अगं, इतकी वर्षं तुझ्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की मी उठून चहा टाकायचो."

मी घरात पाऊल टाकायचे तेव्हा चहा नेहमी गरम असायचा. तो कसा असायचा, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"आत्ताही उठलो," हे म्हणाले. "फोन हातात होता आणि कळलंच नाही मला. दोघांचं आधण ठेवलंय गं सुलभा. आता याचं काय करू?"